हारून सरांचा सीझन

पहिल्याच दिवशी हारून सरांनी आम्हाला सबंध तास तोंड बंद ठेवून खेळायला लावलं. कोणी बोललं की खेळ थांबायचा आणि बोलणाऱ्याने कोर्टाला दोन फेऱ्या मारायच्या. बास्केटबॉल खेळताना माणूस किती बोलतो हे आम्हाला त्या सकाळी कळलं. शेलार गावच्या गुरुनाथने एकट्याने चौदा फेऱ्या मारल्या, कारण पळतानाही तो पुटपुटत होता आणि लांबून त्याच्या ओठांकडे बघत सर बोटांनी ‘आणखी दोन’ अशी खूण करत होते.

तास संपल्यावर त्यांनी आम्हाला गोल बसवलं. “उद्यापासून कान घरी ठेवून या,” ते म्हणाले. “हा खेळ डोळ्यांचा हाय. पाच जण एकमेकांना बघत असले, तर आवाज कशाला पायजे?”

आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. कॉलेजने पुन्हा कुठून तरी स्वस्तातला कोच पकडून आणलाय, असं आमचं ठरलं.

सर पन्नाशीचे होते. उंच, पण खांद्यातून थोडे वाकलेले. केसांत पांढरं दिसायचं त्यातलं वय किती आणि कारखान्यातली रुई किती, हे सांगता यायचं नाही. तरुणपणी ते जिल्ह्याकडून खेळले होते. आता ते भिवंडीतच, पॉवरलूमच्या एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. सकाळी सहा ते साडेसात आमची प्रॅक्टिस घ्यायची आणि आठला कारखान्यात हजर व्हायचं, हा त्यांचा नेम. कधी उशीर झाला तर शिट्टी गळ्यात तशीच ठेवून ते स्कूटरवर बसायचे.

त्यांचं बोलणंही वेगळंच होतं. ओठ पूर्ण हलायचे, एकेक अक्षर स्पष्ट दिसायचं, पण आवाज जेमतेम निघायचा. पहिला आठवडाभर आम्हाला वाटलं, सरांचा घसा बसलाय. पुढे फैझानने सांगितलं की कारखान्यातले जुने लोक असंच बोलतात. फैझान आमच्यात सगळ्यात उंच, आणि त्याच्या घरचेही लूम होते. “पन्नास लूम चालू असताना ओरडून काय उपयोग? समोरच्याला ओठ दाखवायचे, बस,” तो म्हणाला.

नावं सरांच्या लक्षात राहत नसत, की ते मुद्दामच ती घेत नसत, कोण जाणे. मी किरण, पण पहिल्या दिवसापासून ‘कोनवाला’ झालो, कारण मी कोन गावाहून यायचो. गुरुनाथ ‘शेलारवाला’. फैझान भिवंडीतलाच, म्हणून तो ‘लंबू’. मी सेकंड इयर बी.कॉम.ला होतो आणि चेंडू हातात ठेवून खेळ चालवायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून त्यांनी मला कॅप्टन केलं. तसं करताना काही बोलले नाहीत. चेंडू माझ्याकडे फेकला आणि इतरांना हाताने मागे उभं केलं, एवढंच.

आमच्या कॉलेजची टीम म्हणजे जिमखान्याच्या बोर्डावरचं एक नाव होतं. गेल्या काही वर्षांत एकही मॅच जिंकलेली नव्हती. कोर्टाला दोन मोठ्या भेगा होत्या आणि रिंगला जाळी नव्हती. त्या वर्षी सीझन सुरू होण्याआधीच जिमखान्याच्या प्रमुखांनी सरांना आणि मला बोलावून सांगितलं, “मॅनेजमेंटला ती जागा नव्या इमारतीसाठी हवी आहे. यंदा टीम झोनलच्या पुढच्या फेरीत गेली, तर मी काहीतरी बोलू शकेन. नाही गेली, तर मला तोंड नाही.”

सर त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. “पुढची फेरी,” ते म्हणाले. “ठीक हाय.” जणू कोणी त्यांना बिघडलेला लूम दाखवला होता आणि तो संध्याकाळपर्यंत चालू करायचा होता.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यातून सुताच्या दोन लडी घेऊन आले. बाकावर उभं राहून त्यांनी दोन्ही रिंगांना हाताने जाळ्या विणल्या. सूत कॉलेज देणार का, असं गुरुनाथने विचारलं. सर म्हणाले, “तुला शॉट मारायचाय का हिशोब लिहायचाय?”

मग त्यांनी आम्हाला खुणा शिकवल्या. त्या सगळ्या कारखान्यातल्या होत्या. दोन बोटं वर करून वाकवली की ‘धागा तुटला’, म्हणजे आपल्या डिफेन्समध्ये फट पडलीय. मूठ हवेत फिरवली की ‘लूम बंद’, म्हणजे घाई नको, चेंडू धरून ठेवा. आणि मनगट झटकून हात बाहेर उडवला की ‘हा सोड, दुसऱ्या बाजूने जा’. दोन महिन्यांत आम्हा मुलांना त्या इतक्या अंगवळणी पडल्या की कँटीनमध्येही आम्ही खुणांनीच वडापाव मागवायचो.

डिफेन्स म्हणजे सरांचा जीव की प्राण. “आधी ताणा, मग बाणा,” हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल! ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. “ताणा नीट लावला ना, तर बाणा आपोआप बसतो. तुम्ही सगळे नुसते बाण्याच्या मागं. सगळ्यांना बास्केट पायजे.” कोणी घाईघाईत शॉट मारला की ते हिंदीवर यायचे. “आराम से, बेटा, आराम से. कपडा कहीं भाग नहीं रहा.” आणि आपलं चुकलं हे मान्य न करणाऱ्या मुलाला एकच ऐकवायचे, “धागा जोडायला मिनिट लागतं. तुटलाय हे कळायलाच उशीर होतो.”

पहिली मॅच आम्ही तेवीस पॉइंटांनी हरलो. परतताना सर टेम्पोत मागे आमच्यात बसले होते. त्यांनी खिशातून बडीशेपेची पुडी काढून सगळ्यांच्या हातावर थोडी थोडी ठेवली. “मागच्या वर्षी कितीनं हरला होता?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “एकावन्न.” सर म्हणाले, “म्हणजे अठ्ठावीसनं जिंकलो.” त्या आठवड्यात पहिल्यांदा प्रॅक्टिसला सगळे अकरा जण वेळेवर आले.

त्यांना ऐकू येत नाही हे मला अपघातानेच कळलं. एका सकाळी ते कोर्टाच्या कडेला पाठमोरे उभे राहून जाळीची गाठ बघत होते. फैझानचा लांब पास निसटला आणि चेंडू सरळ त्यांच्याकडे गेला. आम्ही पाच-सहा जण एकदम ओरडलो, “सर!” ते हललेही नाहीत. चेंडू त्यांच्या मानेवर बसला आणि ते खांबावर आपटले. मुलं धावली. सर हसत म्हणाले, “ध्यान कारखान्यात होतं.” सगळ्यांना ते पटलं. मला नाही पटलं, कारण मी सगळ्यात जवळ होतो आणि सगळ्यात मोठ्याने ओरडलो होतो.

त्या रविवारी त्यांनी मला जर्सींचा गठ्ठा न्यायला घरी बोलावलं होतं. घर एका जुन्या मोहल्ल्यात, माडीवर. खाली एके काळी त्यांच्याच घरचे बारा लूम होते. ते भंगारात गेले आणि आता तिथे कोणाच्या तरी मालाची खोकी रचलेली होती. मी उघडं दार वाजवलं. सर आत खुर्चीत पाठमोरे बसलेले दिसत होते. पुन्हा वाजवलं. शेवटी शमीमभाभी, त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून आल्या आणि माझ्याकडे बघून थबकल्या. मग जाऊन त्यांनी सरांच्या खांद्याला हात लावला.

सरांनी वळून मला पाहिलं, माझ्या चेहऱ्यावर काय होतं तेही पाहिलं, आणि लपवाछपवीची गरज संपली.

“लहानपणापासून लूममध्येच वाढलेत,” भाभी म्हणाल्या. “खाली बारा लूम चालायचे, वर आम्ही झोपायचो. माझापण एका बाजूचा कान गेलाय. यांचे तर दोन्ही.”

“मशीन आहे ना सर, कानात लावायचं?”

“हाय.” सरांनी कपाटाकडे हात केला. “लावलं की सगळा कारखाना डोक्यात घुसतो. माणसाचा आवाज तेवढा येत नाही.” मग ते माझ्याकडे वाकले. “कोनवाला, कॉलेजात कोणाला सांगू नको. बहिरा कोच कोण ठेवेल? आज ना उद्या कारखाना बंदच होणार हाय. मला ते दीड तास पायजेत. दिवसातले तेवढेच मी... तेवढेच पायजेत.”

मी मान हलवली. “नुसती मान नको,” ते म्हणाले. “बोल. मी बघतोय.”

“नाही सांगणार, सर.”

भाभींनी मला तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. सर समोर बसून मला जेवताना बघत राहिले, आणि मधूनच म्हणाले, “डाव्या हाताने ड्रिबल करत जा. घास घेतोस तसा सगळा खेळ उजवीकडून खेळतोस.”

त्यानंतर माझी आणि त्यांची एक वेगळीच जोडी जमली. कोणी त्यांच्या पाठीमागून बोललं की मी पुढे जाऊन तेच वाक्य पुन्हा म्हणायचो. जिमखान्याचे प्रमुख कागदात डोकं घालून बोलायला लागले की मी मुद्दाम म्हणायचो, “सर, कळलं नाही, पुन्हा सांगता?” मी त्यांचा कान होतो म्हटलं तरी चालेल. आणि मला त्याचा अभिमान होता, हे आज लिहिताना हात जड होतो.

दुसरी मॅच आम्ही चार पॉइंटांनी जिंकलो. शेवटची शिट्टी झाली तरी आम्ही खेळतच राहिलो, कारण जिंकल्यावर काय करतात हेच कोणाला माहीत नव्हतं. फैझानने सरांना उचललं. सर वरून ओरडत होते, “खाली ठेव, लंबू, पाठ जाईल तुझी!” तेवढा मोठा त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. तिसरी मॅचही जिंकलो. कॉलेजच्या फळ्यावर आमची नावं लागली. प्राचार्यांनी कॉरिडॉरमध्ये मला थांबवून, “तुमचीच टीम ना?” असं विचारलं.

पण मुलं गळत होती. गोदामांत सीझनचा माल आला होता, पॅकिंगच्या ड्युट्या निघाल्या होत्या आणि काम सोडून खेळायला पाठवतील अशी घरं आमच्यात थोडीच होती. अकराचे नऊ झाले, नवाचे सात. सर कोणालाच अडवत नसत. मुलगा सांगायला आला की त्याच्या दंडावर थाप मारून म्हणायचे, “जा. शिफ्ट बदलली तर ये.” तो गेला की मात्र बराच वेळ चेंडू हातात फिरवत उभे राहायचे.

चौथी मॅच कल्याणच्या एका कॉलेजच्या मैदानावर होती. जिंकणारा पुढच्या फेरीत. समोरची टीम ठाण्याकडची, त्यांचे बारा जण एकसारख्या ट्रॅकसूटमध्ये. आम्ही सात, आणि त्यातल्या एकाचा घोटा बांधलेला. भोवती त्यांच्याच कॉलेजची मुलं-मुली, ढोल, आरडाओरडा. माझ्या कानठळ्या बसत होत्या. सर मात्र एखाद्या शांत खोलीत बसावं तसे बाकावर बसले होते.

त्या दिवशी आम्ही जसे खेळलो तसे पुन्हा कधी कुठेच खेळलो नाही. एकमेकांना हाक मारण्याची गरजच नव्हती. ढोलांच्या आवाजात त्यांच्या पोरांना एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं आणि आम्हाला ऐकायचंच नव्हतं. दोन बोटं वाकली की आम्ही फट बुजवायचो, मूठ फिरली की थांबायचो. तिसऱ्या क्वार्टरला नऊने मागे होतो, चौथ्यात बरोबरीला आलो. बावन्न-बावन्न. अकरा सेकंद उरली होती आणि चेंडू बाहेर गेला होता. चेंडू आमचा होता.

सर बाकावरून उठून रेषेपर्यंत आले आणि बोलता बोलता रेषेच्या पुढे पाऊलभर आत आले. त्यांचं सगळं लक्ष आमच्यावर होतं. रेफरी त्यांच्या पाठीमागे उभा होता. मला तो समोरच दिसत होता. तो म्हणाला, “कोच, मागे व्हा.” सर आम्हाला खूण करत होते. तो पुन्हा म्हणाला. मग तिसऱ्यांदा, जरा जवळ येऊन, “कोच! बोललो ना, मागे!” आणि नेमकं त्याच क्षणी सरांनी मनगट झटकून हात बाहेर उडवला. ‘हा सोड, दुसऱ्या बाजूने जा.’

रेफरीला वाटलं, हात त्याच्यासाठीच होता. ‘चल, हो बाजूला’, असा. त्याने शिट्टी फुंकली आणि दोन्ही हातांचा ‘टी’ करून टेक्निकल फाउलची खूण केली. कोचच्या वागण्याबद्दल समोरच्या टीमला एक फ्री थ्रो. मैदानात हशा आणि टाळ्या उसळल्या. सरांना एवढंच दिसलं की सगळे त्यांच्याकडे बघतायत. त्यांनी मला भुवया उडवून विचारलं, काय झालं?

रेफरी माझ्याकडे आला. “कॅप्टन, तीनदा सांगितलं तुमच्या कोचना. समजतात काय स्वतःला?”

एक वाक्य पुरलं असतं. ‘सर, त्यांना ऐकू येत नाही.’ कदाचित त्याने फाउल मागे घेतला असता, कदाचित नसता घेतला. पण ते वाक्य बोलायचा हक्क कोर्टावर फक्त मला होता, आणि ते ठाऊकही फक्त मलाच होतं. वचन दिलं होतं म्हणून मी गप्प राहिलो, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला लाज वाटली. एवढ्या मुलामुलींसमोर, त्या ट्रॅकसूटवाल्यांसमोर, आमचा कोच बहिरा आहे हे म्हणायची मला लाज वाटली.

“सॉरी, सर,” मी रेफरीला म्हणालो.

त्यांच्या पोराने फ्री थ्रो टाकला. त्रेपन्न-बावन्न. चेंडू पुन्हा आमच्याकडे, अकरा सेकंद तशीच बाकी. सरांनी सांगितलं होतं तसं आम्ही दुसऱ्या बाजूने गेलो आणि खरोखरच तिथे कोणी नव्हतं. फैझानने पास दिला. मी एकटा, रिंगपासून दहा-बारा फुटांवर. तो शॉट मी झोपेतही टाकू शकलो असतो. चेंडू रिंगच्या कडेला लागला, वर उडाला आणि बाहेर पडला. शिट्टी झाली.

मी कोर्टाच्या त्या टोकाला गुडघ्यांवर हात ठेवून उभा होतो. फैझान माझ्यापाशी आला. म्हणाला, “जाऊ दे, किरण. होतं.” त्याला मला दिलासाच द्यायचा होता. पण त्याच्या त्या शब्दांत मला माझा चुकलेला शॉट ऐकू आला आणि मी फिस्कारलो, “माझ्यामुळे नाही. त्या बहिऱ्यामुळे हरलो. ठार बहिरा आहे तो, तुला माहितेय? असला कोच कुणाच्या नशिबी येऊ नये.”

जे रेफरीला सांगायला हवं होतं, ते मी दहा मिनिटांनी फैझानला सांगितलं.

फैझानने माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मी वळलो. कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला सर जर्सी गोळा करून घड्या घालत होते. सत्तर-ऐंशी फूट अंतर असेल, मध्ये नाचणारी पोरं, ढोल. सरांच्या हातात अर्धी घडी घातलेली जर्सी तशीच होती आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. क्षणभरच. मग त्यांनी मान खाली घातली, ती घडी पुरी केली आणि पुढची जर्सी उचलली.

परतताना ते टेम्पोत पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसले. कॉलेजच्या गेटपाशी मुलं उतरली आणि पांगली. मी शेवटी उतरलो. सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले, नेहमीसारखे, तोंड दिसेल इतक्या जवळ. मी मात्र मान खाली घातली.

“तू बोललास ते बरोबर हाय,” ते म्हणाले. आणि मग, “शॉटच्या वेळी कोपर बाहेर गेलं तुझं. अंगाला धरून ठेवायचं.”

त्यांनी माझ्या उजव्या कोपराला हात लावून ते आत सरकवलं, शिकवताना करायचे तसं, आणि स्कूटरकडे गेले.

चार दिवसांनी प्राचार्यांनी मला बोलावलं. टेबलावर सरांचं पत्र होतं. अक्षर सुरेख होतं, एकही खाडाखोड नव्हती. ‘मला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते. ही गोष्ट मी कॉलेजपासून लपवली. शेवटच्या सामन्यातील पराभवास मी एकटा जबाबदार आहे. मुले उत्तम खेळली. त्यांचा कॅप्टनही उत्तम खेळला. माझ्या चुकीसाठी कृपया कोर्ट बंद करू नये.’

“तुम्हाला माहीत होतं?” प्राचार्यांनी विचारलं.

“नाही, सर,” मी म्हणालो.

परीक्षा संपायच्या आत कोर्टावर जेसीबी आला. जिमखान्याचे प्रमुख त्या दिवशी रजेवर होते. फैझान आणि मी पहिल्या मजल्याच्या कठड्यापाशी उभे राहून बघत होतो. खांब उपटताना जेसीबीला दोनदा जोर लावावा लागला. फैझान एवढंच म्हणाला, “तू सरांकडे गेलास का?” मी नव्हतो गेलो. तो जात होता, दर रविवारी.

मी गेलो ते आणखी पाच-सहा महिन्यांनी. तोवर मलाही एका गोदामात काम लागलं होतं. सरांचा कारखाना तेव्हा बंद झाला होता, लूम तोडून किलोवर विकले गेले होते. शमीमभाभींनी दार उघडलं, काही न विचारता मला आत घेतलं. सर खिडकीशी पलंगावर बसले होते. खूप वाळले होते. छातीचा त्रास सुरू झाला होता, श्वास घेताना खांदे उचलावे लागत होते. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो. वाटेत रिक्षात बसून मी वाक्यं जुळवली होती. पण एवढंच म्हणालो, “सर, मला बोलायचंय.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी त्याला धरून काहीतरी बोलू शकलो असतो. मग त्यांनी हळूच डोळे मिटले.

बराच वेळ मी बसून राहिलो. ते झोपले नव्हते. बोटांत बडीशेपेचा एक दाणा होता, तो ते फिरवत होते. डोळे उघडले नाहीत. खाली रस्त्यावर कोणाचा तरी टेम्पो मागे घेताना वाजत होता, मुलं ओरडत होती. ते सगळं फक्त मला ऐकू येत होतं.

भाभी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. मी रडत होतो. त्या म्हणाल्या, “ते कोणावर रागवत नाहीत, बाबा. पण आता कोणाचं ऐकायचं नाही म्हणतात. माझंपण नाही ऐकत. औषध घ्या म्हणायला समोर गेलं की डोळे मिटतात.”

मी पुन्हा येतो म्हणालो. नाही गेलो. दर आठवड्याला ठरवत होतो आणि दर आठवड्याला शिफ्ट बदलत होती. ते खरंही होतं आणि सोयीचंही होतं. अशीच वर्षं गेली.

सर गेल्याचं फैझाननेच कळवलं, गेल्या हिवाळ्यात, सकाळी सातला. दहाला जनाजा होता. मी कोनहून बाईकवर निघालो, नाक्यावर कंटेनरांच्या रांगेत अडकलो, आणि पोचलो तेव्हा कबरीत फळ्या लावून झाल्या होत्या, माती द्यायची तेवढी राहिली होती. मोहल्ल्यातली चाळीसेक माणसं होती. कारखान्यातले तीन-चार जुने कारीगर एकमेकांशी खुणांनीच बोलत होते. मी टोपी आणली नव्हती, रुमाल डोक्याला बांधून मागे उभा राहिलो. फैझानने मला पाहिलं आणि हाताला धरून पुढे नेलं.

सरांचे मोठे भाऊ कबरीशी उभे होते. त्यांनी मला ओळखलं नाही. फैझान म्हणाला, “चाचा, हा कॉलेजचा. सरांच्या टीमचा कॅप्टन.”

“अच्छा, कॉलेजचे तुम्ही.” म्हाताऱ्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. “या, माती द्या. आणि बाकीचे? कॉलेजातून आणखी कोण आलंय?”

मी मागे वळून पाहिलं. कशाला पाहिलं कोण जाणे, मला माहीतच होतं.

“आम्ही दोघंच,” फैझान म्हणाला.

मी वाकून तीन मुठी माती टाकली. फैझान दुवा मागत उभा राहिला, मी त्याच्या शेजारी हात जोडून उभा राहिलो. लोक पांगायला लागले. भाऊ म्हणाले, “घरी चला, चहा घेऊन जा.” मी म्हणालो, “नको, परत येईन.” त्यांनी मान डोलावली.

दोनला माझी ड्युटी होती. मी पँटला हात पुसले, हेल्मेट घातलं आणि निघालो. वेळेवर पोचलो.